दर सोमवारी येणारा 'खर्रर्र': इलेक्ट्रिक गाडीच्या ब्रेक आणि स्टिअरिंगमधले आवाज कसे शोधावेत

आमची इलेक्ट्रिक गाडी पुण्यात बावधनच्या सोसायटीतून निघते, चांदणी चौकापर्यंत चढते आणि तिथून पौड रस्त्याने कोथरूड डेपोकडे उतरते. गेल्या पावसाळ्यात या उतारावर पुढच्या उजव्या चाकातून 'खर्रर्र' असा आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की यायचा, सोडला की थांबायचा. मंगळवारी-बुधवारी मात्र गाडी एकदम गप्प, आणि सोमवार उजाडला की पुन्हा खर्रर्र. सर्व्हिस सेंटरला तीनदा नेली. दोनदा जॉब कार्डवर 'आवाज आढळला नाही' असा शेरा मारून परत मिळाली. तिसऱ्यांदा ब्रेकचे पुढचे पॅड बदलून दिले. सात-आठ आठवडे बरे गेले आणि आवाज परत हजर.

त्याच सुमारास बेसमेंटच्या रॅम्पवर वळताना स्टिअरिंगकडून 'टक्' असा दणका बसायला लागला. दोन्ही आवाज उजव्या बाजूचे, म्हणून मी दोन्ही एकच धरून चालले होते. तिथेच माझे दोन महिने गेले. ओळखीच्या तीन-चार घरांत सध्या हाच घोळ चालू आहे, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहिते.

सोमवारचं कोडं

शेवटी मी गाडीत एक वही ठेवली. आवाज आला की गाडी थांबवल्यावर लिहायचं: वार, वेळ, पाऊस होता का, वेग अंदाजे किती, ब्रेकवर पाय होता का, स्टिअरिंग सरळ होतं की वळलेलं. सहज म्हणून बॅटरीची टक्केवारीही लिहिली. चार आठवड्यांनी वही पुढे घेऊन बसले तेव्हा एकच रकाना बोलत होता. खर्रर्र आला त्या प्रत्येक वेळी बॅटरी ९५ टक्क्यांच्या वर होती.

आमच्या गाडीची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे. आठवड्यातून एकदा ती पूर्ण चार्ज करा, असं पुस्तिकेत लिहिलंय, आणि आम्ही ते रविवारी रात्री करतो. इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनरेटरचं काम करते, वीज तयार करून बॅटरीत भरते आणि गाडीचा वेग त्यातच उतरतो. यालाच सगळे रीजेन म्हणतात. बॅटरी काठोकाठ भरलेली असली की ती वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी रीजेन कमी करते किंवा थोडा वेळ बंदच ठेवते. मग चांदणी चौकाच्या उतारावर गाडी थोपवायचं सगळं ओझं डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडवर पडतं. आठवडाभर अर्धं काम मोटर करत असते तेव्हा पॅडचं दुखणं झाकलेलं राहतं, ते सोमवारी सकाळी उघडं पडतं.

सर्व्हिस सेंटरचा मुलगा दुपारी सपाट रस्त्यावर ट्रायल मारायचा, बॅटरी साठ-सत्तर टक्क्यांवर असायची. त्याला आवाज सापडणार कसा? नंतर मी गाडी मुद्दाम १०० टक्के चार्ज करून, सकाळी पहिल्या फेरीला, सुपरवायझरना शेजारी बसवून उताराला नेली. तिसऱ्या ब्रेकला ते म्हणाले, "हां मॅडम, आता ऐकू आला."

सगळ्या गाड्या सारख्या नसतात हे इथे सांगायला हवं. काही गाड्यांत पेडल दाबल्यावर मोटरने किती थोपवायचं आणि पॅडने किती, हे गाडीच ठरवते. काहींत पेडल थेट पॅडलाच जातं, आणि रीजेन मिळतं ते पाय उचलल्यावर. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी किंवा स्क्रीनवरून ते कमी-जास्त करता येतं. आपली गाडी कोणत्या प्रकारची हे पुस्तिकेत बघून घ्या, पुढच्या तपासण्यांना त्याचा उपयोग होतो.

आधी रीजेन शून्यावर

तुमच्या गाडीत रीजेन शून्यावर आणता येत असेल तर घरच्या घरी करायची ही सर्वांत कामाची तपासणी आहे. रविवारी सकाळी लवकर, मागे-पुढे कोणी नाही अशा सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जा. रीजेन शून्य ठेवून ब्रेक हळू दाबा. मग रीजेन सगळ्यात वर ठेवा आणि ब्रेकला पाय न लावता, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी हळू होऊ द्या.

पहिल्या वेळी आवाज आला आणि दुसऱ्या वेळी नाही, तर तो डिस्क, पॅड किंवा कॅलिपरचा (पॅडना डिस्कवर दाबणारा भाग). दोन्ही वेळी आला तर पॅड बदलायला कोणालाही पैसे देऊ नका. तो अ‍ॅक्सल (मोटरचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा), मोटरचं माउंटिंग (तिला धरून ठेवणारा आधार) किंवा खालच्या आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशकडून, म्हणजे सांध्यातल्या रबराकडून, बहुतेकदा येत असतो. पाय उचलताना आणि पुन्हा दाबताना एकेकच 'टक्' येत असेल, तर अ‍ॅक्सल जिथे चाकाच्या हबमध्ये बसतो तिथले दाते कोरडे पडलेत का, ते बघायला सांगा. इलेक्ट्रिक मोटर क्षणात पूर्ण जोर लावते आणि पाय उचलताच उलटा जोर लावते, त्यामुळे हे दाते दिवसातून शेकडो वेळा इकडून तिकडे टेकतात.

न वापरल्याने बिघडणारे ब्रेक

पेट्रोलच्या गाडीत ब्रेक वापरून झिजतात. इलेक्ट्रिकमध्ये ते बऱ्याचदा न वापरल्याने बिघडतात, आणि पुण्याच्या जून ते सप्टेंबरच्या ओल्या हवेत हे लवकर होतं. डिस्क बीडाची असते. ती ओली राहिली की एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज चढतो. पेट्रोल गाडीत पहिल्या चार सिग्नलला तो घासून निघतो. आपल्या गाडीत मोटरच गाडी थांबवत असल्याने तो दिवसेंदिवस तसाच राहतो आणि डिस्कच्या कडेला त्याची चक्क धार तयार होते.

आमच्याकडे यात आणखी एक भर होती. गाडी धुणारे दादा पहाटे साडेपाचला येतात आणि चाकांवर बादलीभर पाणी मारून जातात. गाडी निघते नऊला. म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा डिस्क रोज साडेतीन तास ओली. मी त्यांना सांगितलं, "दादा, चाकं फक्त रविवारी धुवा, इतर दिवशी वरून पुसलीत तरी चालेल." आता रविवारी चाकं धुतली की लगेच अर्धा किलोमीटर फेरी मारून चार ब्रेक दाबून गाडी परत लावते.

पहिल्या पाच-सहा ब्रेकला खर्र होऊन नंतर गाडी गप्प झाली तर तो वरवरचा गंज, त्याचं काही करायला नको. पाच किलोमीटर गेल्यावरही तोच आवाज असेल तर चाक खोलायचं.

आवाज तोंडाने काढून दाखवा

कात्रजला आमच्या जुन्या गाडीचे गॅरेजवाले काका आहेत, ते आता इलेक्ट्रिकचीही सस्पेन्शन आणि ब्रेकची कामं करतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, 'आवाज येतोय' म्हणू नका. कसा येतो ते तोंडाने काढून दाखवा." आपल्या भाषेत आवाजांना इतके शब्द आहेत की निम्मं निदान तिथेच होतं.

ब्रेक दाबला की 'चीं' असा बारीक, कानात शिरणारा आवाज येत असेल तर पॅड संपत आलाय. बऱ्याच पॅडना एक पत्र्याची जीभ असते, ती मुद्दाम डिस्कला टेकून हा आवाज काढते. पॅडचा घासणारा थर साधारण ३ मिलिमीटरवर आला की बदलायचाच. ब्रेक दाबा न दाबा, चाक फिरेल तसा सतत 'किर्रर्र' येत असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यामध्ये बहुतेकदा खडा अडकलेला असतो. जिथे तिथे रस्त्याची कामं आणि खडी पसरलेली असल्यामुळे आपल्याकडे हे फार होतं. मोकळ्या जागेत गाडी थोडी मागे-पुढे केली की बरेचदा खडा आपोआप पडतो. नाहीतर चाक काढून पत्रा थोडा मागे वाकवायचा, पाच मिनिटांचं काम.

ट्रॅफिकमध्ये ब्रेक अगदी हळू सोडताना 'घुर्र' येतो, म्हशीने रवंथ करताना यावा तसा. पॅड डिस्कला धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, त्याचा तो आवाज. पेट्रोल गाडीतही येतो, इंजिनाच्या आवाजात दबून जातो इतकंच. पेडल जरा झटकन सोडलं की जातो. आणि रिव्हर्स घेतल्यानंतर पुढे निघून पहिला ब्रेक दाबला की एकदाच 'टक्' होत असेल, तर पॅड त्याच्या खाचेत हलतोय. पॅडबरोबर पत्र्याच्या छोट्या क्लिपा येतात. पॅड बदलताना काही ठिकाणी त्या जुन्याच ठेवतात किंवा बसवतच नाहीत. जुने पॅड पिशवीत घालून परत मागा आणि नव्याच्या डब्यात क्लिपा होत्या का, ते विचारा.

दोन दिवस पावसात हँडब्रेक लावून उभी असलेली गाडी निघताना मागून 'खट्ट' करते, तेव्हा मागच्या ड्रमचे लायनर गंजाने चिकटलेले असतात. गाडी सपाट जागी असेल तर गिअर 'पी'मध्ये (पार्किंगला) ठेवून चाकामागे वीट लावा, हँडब्रेक नको. रॅम्पवर किंवा उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

चाक खोललं तेव्हा

चाक खोलण्याआधी काकांनी एक युक्ती सांगितली. वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून या, थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ उलटा तळहात न्या. टेकवायचा नाही, फक्त धग बघायची. रीजेनमुळे इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक फारसे तापत नाहीत, म्हणून एखादं चाक गरम असलं की लगेच कळतं. आमचं उजवं पुढचं चाक तव्यासारखं धगधगत होतं, डावं कोमट. तिथला ब्रेक सुटतच नव्हता. दोन-तीन महिन्यांपासून गाडीची रेंज थोडी घटल्यासारखी वाटत होती, त्याचाही उलगडा झाला. तापमान आकड्यात हवं असेल तर कोरोनाच्या काळातली कपाळाला धरायची बंदूक इथे चालत नाही, ती फक्त अंगाच्या तापाएवढंच मोजते. हार्डवेअरच्या दुकानातली, कारखान्यात वापरतात तशी लागते.

कॅलिपर उघडल्यावर बाहेरच्या पॅडवर ८ मिलिमीटर थर शिल्लक होता आणि आतल्यावर ४. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, आणि त्याला जेमतेम तीन महिने झालेले. कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर मागे-पुढे सरकतो, म्हणून दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. खालची पिन काकांनी हाताने ओढून बघितली, हलेना. पान्याने फिरवून बाहेर काढली तर दुधावर साय धरावी तसा तिच्यावर तपकिरी थर, आणि तिच्या टोकाशी असलेलं रबराचं बूट एका बाजूने फाटलेलं. तिथून पाणी आत गेलं होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये नवे पॅड याच अडकलेल्या पिनेवर बसवले गेले होते. पॅड कितीही वेळा बदलले असते तरी आवाज परत आलाच असता.

काकांनी पिन बारीक घासून साफ केली, नवं बूट घातलं आणि ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. त्यांच्या पोराने शेजारचा पिवळ्या ग्रीसचा डबा पुढे केला तर ते त्याच्यावर ओरडलेच. ते साधं ग्रीस पेट्रोलियमचं असतं, त्याने हे रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. डिस्कच्या कडेची गंजाची धार घासून काढली. डिस्कची जाडी मोजली, कमीत कमी किती हवी ते बहुतेक डिस्कवर कोरलेलंच असतं. आमची बसत होती, म्हणून लेथवर न्यावी लागली नाही.

त्यानंतर रीजेन कमीत कमी ठेवून, मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक दाबले, मध्ये मध्ये थंड व्हायला वेळ देत. आता आठवड्यातून एकदा असे चार-पाच ब्रेक दाबतेच. सहा महिन्यांतून एकदा पिना काढून साफ करायच्या, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे ब्रेक वापरले नाहीत तरी ते खराब होतच असतं. दोन वर्षांनी बदला, किंवा पुस्तिकेत दिली असेल ती मुदत पाळा.

मागच्या चाकाला बटणाचा हँडब्रेक असेल तर कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून मागे ढकलायचा नाही, गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते. आणि जॅक लावायचा तो ठरवून दिलेल्या जागीच. पोटाखाली सगळीकडे बॅटरी असते. नारिंगी रंगाच्या वायरला कोणीही हात लावू नये, जाणत्या गॅरेजवाल्यानेही, जोवर त्याने त्याचं प्रशिक्षण घेतलेलं नाही.

स्टिअरिंगचा 'टक्'

पिना साफ झाल्या, खर्रर्र गेला, पण रॅम्पवरचा 'टक्' तसाच राहिला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही दोन वेगळी दुखणी आहेत.

हा आवाज उभ्या गाडीतच शोधता येतो. अहोंना गाडी चालू करून 'पी'मध्ये, हँडब्रेक लावून बसवलं आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला सांगितलं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, बोनट उघडून उभं राहिलं की प्रत्येक खुट्ट ऐकू येतो. शॉकअप जिथे वर बॉडीला टेकतो त्या गोल भागावर मी हात ठेवला. स्टिअरिंग सव्वा फेरा फिरलं आणि हाताखाली 'टंग्' असा झटका बसला, घट्ट पिळलेली स्प्रिंग सुटावी तसा. डाव्या बाजूला हात ठेवला तर काहीच नाही. उजवं टॉप माउंटिंग, म्हणजे शॉकअपच्या डोक्यावरचं रबर आणि त्यातलं बेअरिंग, गेलं होतं. चाकाबरोबर स्प्रिंग फिरायला हवी, ती अडकते, पिळली जाते आणि मग एकदम सुटते. हात वरच ठेवा, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोटं घालू नका.

बॅटरीमुळे या गाड्या वजनाला भारी असतात, आणि आपल्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळत बसण्याची सवय सगळ्यांनाच असते. त्याचा भार या माउंटिंगवर, टाय रॉडवर (चाक वळवणारा दांडा) आणि रॅकवर (स्टिअरिंग फिरवल्यावर आडवा सरकून त्या दांड्यांना ढकलणारा भाग) पडतो. गाडी इंचभर सरकत असताना स्टिअरिंग फिरवलं तरी खूप फरक पडतो.

'टंग्' नसेल तर पुढचं बघा. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर, स्टिअरिंग सरळ असताना, हातात बारीक 'खुडखुड' लागत असेल तर स्टिअरिंगच्या खालचा शाफ्ट किंवा रॅकचा बुश. स्पीडब्रेकरवर एक चाक आधी चढल्यावर 'खडक्' होत असेल तर लिंक रॉड (सस्पेन्शनमधला बारीक जोडदांडा), आणि तो सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी तोच तपासा. स्टिअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर 'कट्‌-कट्‌-कट्‌' येत असेल तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबर फाटलं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. वेग वाढेल तसा 'घूंऽऽ' वाढत असेल आणि डावीकडच्या वळणावर अजून मोठा होत असेल तर उजव्या चाकाचं बेअरिंग बघायचं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो. पूर्ण वळणावर खर्रर्र घासल्याचा आवाज आला तर आधी चाकाच्या आतलं प्लास्टिकचं आवरण बघा. खड्ड्यात आपटून त्याची एखादी क्लिप निघते आणि टायर त्याला घासतो.

स्टिअरिंगच्या चाकाच्या आतूनच, कागद चुरगळावा तशी 'खसखस' येत असेल तर तिथे स्वतः काहीही उघडू नका. तिथून एअरबॅगची तार जाते. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं मधूनच बंद पडत असतील आणि एअरबॅगचा दिवाही लागत असेल, तर त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर.

न घाबरण्यासारखे आवाज

गाडी सुरू करून पहिल्या काही मीटरमध्ये खालून एक 'कट्' येतो, तो एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःला तपासतो त्याचा. ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर पुढून येणारी 'घर्रर्र' ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपाची किंवा बूस्टरच्या मोटरची असते. मात्र पेडलला पाय न लावता तो पंप सारखा चालू-बंद होत असेल तर कुठेतरी गळती आहे. पार्किंगमध्ये ऐकू येणारी 'ऊंऽऽ' अशी धून तर पायी जाणाऱ्यांना गाडी कळावी म्हणून मुद्दाम बसवलेली असते. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना ती सक्तीची आहे, साधारण २० किलोमीटरच्या वेगापर्यंत. बेसमेंटमध्ये ती घुमते आणि चाकातून येतेय असं वाटतं.

ब्रेकचा लाल दिवा, पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं, गाडी एका बाजूला ओढणं, जळल्याचा वास, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, स्टिअरिंगमध्ये ढिलाई, यातलं एकही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. नवले पुलाच्या उतारावर ब्रेक गेलेल्या गाड्यांचं काय होतं ते आपण सगळ्यांनी वाचलंय. टोइंगवाल्याला फोन करा आणि चारही चाकं उचलून नेणारी सपाट गाडी मागा. मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरवत इलेक्ट्रिक गाडी ओढून नेली तर मोटर आणि तिची यंत्रणा खराब होऊ शकते.

सर्व्हिसला गाडी देताना मी आता वहीतून एक कागद फाडून जॉब कार्डला टाचून घेते. शेवटचा असा होता: 'पुढून उजवीकडे टंग्, उभ्या गाडीत स्टिअरिंग सव्वा फेरा उजवीकडे, वेग शून्य, ब्रेकचा संबंध नाही, पावसाचा संबंध नाही. बोनट उघडून उजव्या टॉप माउंटिंगवर हात ठेवून बघावे.' माउंटिंग वॉरंटीत बदलून मिळालं, अलाइनमेंटही त्यांनीच करून दिलं, कारण माउंटिंग काढल्यावर ते करावंच लागतं. त्याला आता पाच महिने झाले. डावं माउंटिंग काकांनी परवा हात लावून बघितलं. अजून ठीक आहे, पण पावसाळा संपला की पुन्हा दाखवायला सांगितलंय.